शिड्याच्या पोटातला आवाज

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे, पण पाण्यात मी कधी पोहलो नाही. माझा जन्म लालबागच्या एका कारखान्यात झाला. माझ्या फासळ्या बांबूच्या कामट्यांच्या आहेत. त्यांवर गोणपाट, गोणपाटावर कागदाचा लगदा आणि त्यावर चांदीसारखा रंग. माझे डोळे जुन्या स्कूटरच्या दिव्यांच्या काचा आहेत. दात प्लॅस्टिकच्या पाइपाचे आहेत, कापून घासून टोकदार केलेले. पाठीवर उंच शीड आहे. ते मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे आणि काळ्या कापडाचे केले आहे. त्या शिडावरूनच चाळीतल्या मुलांनी माझे नाव शिड्या ठेवले.

मला घडवणाऱ्याचे नाव हेरंब. गणेशोत्सवात हलते देखावे करणे हा त्याचा धंदा. कुठे राक्षसाची मान हलते, कुठे गरुडाचे पंख मिटतात, ते सारे त्याच्या हातचे. माझ्या जबड्यामागे त्याने ट्रकच्या वायपरची मोटर बसवली. बटण दाबले की माझा जबडा उघडे आणि मिटे. जबडा उघडताना मोटर जराशी कण्हत असे. हेरंब म्हणे, "कण्हू दे. खोल पाण्यातला आहे, त्याला सांधेदुखी असणारच."

मला पानवलकर चाळीच्या गणपतीसाठी बनवले होते. परळची ती एक जुनी, लाकडी कठड्यांची चाळ. इतर मंडळे त्या वर्षी किल्ले आणि देवळे उभारत होती. पानवलकर चाळीने मात्र खोल समुद्र उभारायचे ठरवले, कारण चाळीतल्या बकुळाबाई राऊळ तसे म्हणाल्या होत्या. बाई दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. चाळीतली निम्मी मुले त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे त्यांना नाही म्हणणे कोणालाच जमत नसे. मंडळाचे अध्यक्ष तात्या तावडे यांनाही नाही.

बाईंनी मला स्वतःच्या मनाने निवडले होते. त्या कॉलेजात शिकत असताना ससून डॉकला एक बोट आली होती. ती कुपा, म्हणजे ट्यूना मासा, पकडायला लांब समुद्रात गेली होती. गळाला कुप्याऐवजी एक विचित्र मासा लागला होता. जवळजवळ माणसाएवढा लांब, अंगावर एकही खवला नाही, तोंडात सुऱ्यांसारखे दात आणि पाठीवर शीड. कोळणींनी त्याला बोटाने दाबून पाहिले आणि बाजूला सारले. त्याचे मांस पाण्यासारखे लिबलिबीत असते, ते कोणी घेत नाही. इंग्रजीत त्याला लॅन्सेटफिश म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही, कारण तो आपल्या बाजारात येतच नाही. कॉलेजच्या सरांनी तिथेच, ओल्या फरशीवर, त्याचे पोट उघडले होते. आत जे दिसले ते बाई आयुष्यभर विसरल्या नाहीत.

ते काय होते, ते मी तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगणार आहे. खरे तर मला जे काही ठाऊक आहे ते सगळे त्यांच्या शब्दांतच ठाऊक आहे. ज्याचा मी पुतळा, त्याला मी कधी पाहिलेले नाही. ज्या अंधाराचा मी प्राणी, तो अंधार मी बाईंच्या तोंडून ऐकला. देखाव्याचे निवेदन त्यांनी लिहिले, त्यांनीच वाचले. हेरंबने ते एका पेनड्राइव्हवर घेतले आणि पेनड्राइव्ह माझ्या पोटात बसवला. मोटरच्या हादऱ्याने तो निसटू नये म्हणून त्याने तो एम-सीलने एका फासळीला पक्का चिकटवून टाकला. स्पीकर माझ्या घशात होता. जबडा आणि आवाज एकाच वेळी सुरू होत. त्यामुळे रांगेतल्या लोकांना वाटे, मासाच बोलतो आहे. एका बाईच्या आवाजात बोलणारा मासा! लहान मुले आईच्या मागे लपत आणि पुन्हा डोके काढून पाहत.

मी असा बोलत असे, मित्रांनो:

"नमस्कार. तुम्ही आता जिथे उभे आहात, तिथे सूर्याचा प्रकाश पोहोचत नाही. मी जगातल्या जवळजवळ सगळ्या महासागरांत राहतो. अटलांटिकमध्ये आहे, प्रशांत महासागरात आहे, आपल्या अरबी समुद्रातही आहे. पण गिरगाव चौपाटीवर उभे राहून मला शोधू नका. मुंबईजवळचा समुद्र लांबवर उथळ आहे. तो ओलांडून जिथे तळ अचानक खाली खाली जातो, तिथे माझे घर सुरू होते. मी एका मैलाहूनही खोल उतरतो, तर कधी वरच्या पाण्यातही येतो. माझे काही भाऊबंद मोठे झाले की खाणे शोधत थेट उत्तरेच्या गार पाण्यापर्यंत जातात.

"मी फार वेगवान नाही. माझे अंग मऊ आहे, मला लांब पाठलाग झेपत नाही. म्हणून मी अंधारात नुसता लटकून राहतो, वाट पाहतो आणि भक्ष्य जवळ आले की एकदम झेप घेतो. लहान असताना मी कोळंबीच्या जातीचे बारके जीव आणि समुद्रातले किडे खातो. मोठा झालो की मासे, माकूळ, छोटे ऑक्टोपस. जे समोर येईल ते. अंधारात निवड करत बसणाऱ्याला उपाशी राहावे लागते."

इथे माझ्या जबड्याची एक फेरी पूर्ण होई. मग पुढचे वाक्य. त्या वाक्यावरून चाळीत भांडण झाले होते.

वाक्य असे होते: "आणि दुसरे काही मिळाले नाही, तर मी माझ्याच जातीची पिल्लेही खातो."

पहिली चाचणी मंडपात झाली तेव्हा तात्या माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. वाक्य ऐकताच ते ताडकन उठले आणि हेरंबने मला तिथेच बंद केले. बकुळाबाई बाजूलाच उभ्या होत्या.

"अगो बकुळा, गणपतीसमोर ह्या असला काय बोललंस? आपल्याच पोरांका खाता म्हणे!"

"तात्या, मासा खातो. मी नाही खात."

"लोक आरती करून वळतत, आणि वळल्यावर ह्या ऐकतत! मंगल वाटता काय?"

"मग समुद्रालाच निरोप पाठवा की, जरा मंगल वाग म्हणावं."

पोरे हसली. तात्यांनाही हसू येत होते, पण अध्यक्षांना हसून चालत नाही. ते म्हणाले, "हसू नको. वाक्य बदल. परत बोल."

तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "परत बोलता येणार नाही, तात्या. उद्या मी ॲडमिट होतेय."

बाईंच्या घशात गाठ होती, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होते. परळच्या मोठ्या इस्पितळात त्यांचे स्वरयंत्र काढायचे ठरले होते. शस्त्रक्रियेनंतर त्या जगणार होत्या, पण बोलणार नव्हत्या. निवेदनाची घाई त्यांनी का केली होती, ते त्या क्षणी सगळ्यांच्या लक्षात आले.

त्या मंडपातून गेल्यावर हेरंब म्हणाला, "तात्या, सोपं आहे. तेवढं वाक्य मी कापून टाकतो."

तात्या त्याच्यावर खेकसले, "गप ऱ्हव. तिच्या आवाजाक आता कात्री लावू नको. तिका उद्या लागतलीच आसा." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मी घंटा वाजवतंय."

आणि तसेच झाले. उत्सवभर तात्या पडद्याआड आरतीची पितळी घंटा घेऊन उभे राहत. माझे ते वाक्य आले की त्यांची घंटा सुरू होई, टण टण टण. लोकांना वाटे, हा देखाव्याचाच भाग आहे. काही जण हातही जोडत. वाक्य संपून पुढचे वाक्य स्वच्छ सुरू होईपर्यंत तात्या हात थांबवत नसत. तेवढा वेळ मी बोलत असे आणि कोणाला काही ऐकू येत नसे.

त्या घंटेखाली फक्त ते एकच वाक्य नव्हते, मित्रांनो. त्याच्या मागोमाग आणखी काही होते. हेरंबने ते ऐकले होते आणि म्हटले होते, "असू दे, तात्यांच्या घंटेत जाईल." मग तो कामाच्या गडबडीत विसरून गेला. ते काय होते ते मला ठाऊक होते. पण ते त्याच्या जागी आल्यावर सांगतो.

घंटा थांबल्यावर मी शेवटचे बोलत असे:

"माझी एक गोष्ट मात्र सगळ्यांहून वेगळी आहे. मी गिळलेले माझ्या पोटात लवकर मोडत नाही. पोट उघडले, तर आतला मासा आत्ताच पोहत होता असा दिसतो. त्याचे खवले, त्याचे डोळे, सगळे जागच्या जागी. पचनाचे काम पुढे आतड्यात होते. पोट ही माझी कोठी आहे. असे का, ते अजून कोणाला नक्की सांगता आलेले नाही. बहुधा खोल पाण्यात अन्न केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी साठवून ठेवतो. जिथे माणसाचे जाळे पोहोचत नाही, तिथे कोण कोण राहते ते शास्त्रज्ञ माझ्या पोटातून शोधतात. कधी कधी त्यांना त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या सापडतात. त्याही तशाच, न मोडलेल्या. मी पाहिलेल्या माशाच्या पोटात एक छोटा ऑक्टोपस होता, चंदेरी मासे होते आणि त्याच्यासारखेच शीड असलेले एक पिल्लू होते. ते इतके ताजे होते, की मला वाटले, पाण्यात सोडले तर पोहायला लागेल."

त्या शेवटच्या दोन वाक्यांत 'मी' म्हणजे मासा नव्हे, बाई होत्या. लिहिताना त्यांच्या ते लक्षात आले नसावे. मला मात्र तीच वाक्ये सर्वांत आवडत. तेवढ्यापुरते आम्ही दोघे एकच होत असू.

माझे खूप कौतुक झाले. वरळीच्या बीडीडी चाळींतून, माझगावातून लोक मला पाहायला आले. एका वर्तमानपत्रात माझा फोटोही आला, जबडा उघडलेला. त्या दिवसांत बाई इस्पितळातल्या खाटेवर होत्या. त्यांचा आवाज परळच्या गल्लीत संध्याकाळभर घुमत होता, आणि त्यांच्या गळ्याला पट्टी होती.

विसर्जन झाले. मंडप उतरला. स्पीकर आणि तारा ज्याच्या त्याला परत गेल्या. पेनड्राइव्हही त्यांच्याबरोबर गेला, असे सगळ्यांना वाटले. हेरंबला वाटले तो तात्यांकडे असेल, तात्यांना वाटले बाईंच्या मुलीकडे असेल, मुलीला वाटले हेरंबकडे असेल. हेरंबचा जुना कॉम्प्युटर बिघडला आणि भंगारात गेला. मला चाळीच्या पुढच्या जिन्याखाली ठेवले गेले, तोंड भिंतीकडून वळवून वाटेकडे. माझा जबडा उघडाच राहिला होता.

तिथे माझी वर्षे गेली. अंधार होता, ओल होती. मुले येता-जाता माझ्या तोंडात काहीबाही टाकत. गोळ्यांचे कागद, मोडका कंगवा, गोट्या, एकदा तर कोणाची चप्पल. मी सगळे गिळले. पोटात काहीच मोडले नाही.

हळूहळू मुलांमध्ये एक गोष्ट पसरली. जिन्याखालच्या माशाने बाईंचा आवाज खाल्ला, अशी ती गोष्ट. मोठी मुले लहानांना घाबरवत, "कान लाव, आतून बाई बोलतात." काहींनी खरेच कान लावले आणि किंचाळत पळाली. मला वीज नव्हती. मी कसा बोलणार? पण इतकी मुले इतकी वर्षे ऐकू आल्याचे सांगत होती, की मलाही कधी कधी वाटे, आपण बोललो असू.

बकुळाबाई घरी परतल्या, त्या दिवसापासून त्यांनी पुढचा जिना सोडला. त्या पहिल्या मजल्यावर राहत. मागचा जिना अरुंद आणि निसरडा होता, तरी त्या त्यानेच जात-येत. त्यांच्याकडे आता एक यंत्र होते, लहानशा टॉर्चएवढे. ते गळ्याला टेकवून बटण दाबले आणि ओठ हलवले, की शब्द ऐकू येत. एकाच पट्टीतले, घरघरणारे. चाळीतली मुले त्या यंत्राला भुंगा म्हणत. बाईंनी शाळा सोडली. निवेदन सापडले तर ऐकशील का, असे त्यांच्या मुलीने, सुनेत्राने, एकदा विचारले होते. त्यांनी भुंगा गळ्याला लावून एवढेच म्हटले होते, "नको. ती बाई गेली."

सुनेत्राने मात्र शोध सोडला नव्हता. तिने स्वतःच्या लग्नाची सीडी पाहिली, तिच्यात बँडच जास्त होता. जुने फोन पाहिले, त्यांत काही नव्हते. रोज बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोणी कशाला जपून ठेवील? निवेदन ध्वनिमुद्रित झाले तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी आलेली होती, त्याच खोलीत बसलेली होती. तिच्या पोटात तेव्हा मनू होती. मनू जन्मली ती भुंग्याचा आवाज ऐकतच.

सुनेत्रा आता अँटॉप हिलला राहते. चाळ होती तोवर कामावर जाताना ती मनूला आजीकडे सोडत असे. मनूला आजी आवडे, पण भुंगा आवडत नसे. तो सुरू झाला की ती कानांवर हात ठेवी. आजीने ते पाहिले, की आजी बोलणेच थांबवी. मग दोघी नुसत्या एकमेकींकडे पाहत बसत. सगळी चाळ हे जाणून होती.

मग चाळ रिकामी करायचा दिवस ठरला. तिथे उंच इमारत होणार होती. बिऱ्हाडे एकेक करून हलू लागली. फाटकाशी टेम्पो उभे राहू लागले. माझे काय करायचे, हा प्रश्न तात्यांनी चटकन सोडवला. त्यांनी हेरंबला फोन केला, "ये, आणि तुझा मासा मोडून घेऊन जा. बांबू तरी कामाक येतीत."

ज्या दिवशी हेरंब करवत घेऊन यायचा होता, त्याच दिवशी बाईंचे बिऱ्हाड हलत होते. दुपारी सगळे जेवून जरा आडवे झाले होते. मला जिन्यावर छोटी पावले ऐकू आली. मनू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात भुंगा होता.

ती घाबरली होती. तरी ती जवळ आली. तिने माझ्या दातांकडे पाहिले, मग माझ्या डोळ्यांच्या काचांकडे. ती अगदी हळू म्हणाली, "हा घे. आजीचा परत दे."

आणि तिने भुंगा माझ्या तोंडात टाकला.

मित्रांनो, मला जबडा मिटता आला असता तर मी मिटला असता. पण माझी मोटर गंजली होती. भुंगा माझ्या दातांना घासून घशात गेला आणि पोटात पडला. मनूने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने मान डोलावली, जणू सौदा पक्का झाला, आणि ती वर पळाली.

वर काय झाले ते मला नंतर बोलण्यावरून कळले. बाई उठल्या, उशाशी हात घातला, भुंगा नव्हता. त्यांनी पिशव्या उलटल्या. बांधलेली गाठोडी सोडली. स्टीलच्या ताटावर डाव आपटून त्यांनी सुनेत्राला बोलावले. भुंगा एखाद्या खोक्यात बांधला गेला आणि टेम्पोतून पुढे निघून गेला, असे सगळ्यांना वाटले. या सगळ्या वेळात मनू आजीसमोर बसून तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. आजीने काही सांगायला तोंड उघडले. ओठ हलले. आवाज आला नाही, शस्त्रक्रियेत गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा आली. मनू म्हणाली, "अजून एकदा बोल." आजीने पुन्हा ओठ हलवले. पुन्हा नुसती हवा. तेव्हा मनू रडायला लागली आणि तिने सगळे सांगून टाकले.

हेरंब तोवर येऊन पोहोचला होता. जिन्याखाली खोक्यांची दाटी होती आणि उजेड नव्हता. "वरच नेतो. बाईंच्या डोळ्यांसमोर उघडू, नाजूक वस्तू आहे," असे म्हणून त्याने मला खांद्यावर घेतले. मी जिन्याखालून निघालो आणि ज्या जिन्यावरून बाई इतकी वर्षे आल्या नव्हत्या, त्या जिन्याने त्यांच्या दारात गेलो.

बाईंनी मला पाहिले. त्या मागे सरल्या नाहीत.

खोली रिकामी होती. भिंतींवर कपाटांच्या जागा तेवढ्या स्वच्छ दिसत होत्या. हेरंबने मला जमिनीवर आडवे केले आणि पोटाचा टाका उसवला. करवत त्याने बाजूला ठेवली होती. पहिल्यांदा भुंगा बाहेर आला. सुनेत्राने तो पुसून आईच्या हातात दिला. गोष्ट इथेच संपायची. पण बाई खाली बसल्या. त्यांनी एक वर्तमानपत्र पसरले आणि माझ्या पोटातून एकेक वस्तू काढून त्यावर ओळीने मांडायला सुरुवात केली. कंगवा, गोट्या, गोळ्यांचे कागद, चप्पल. कॉलेजच्या सरांनी ओल्या फरशीवर मांडले होते तसेच. शिकवणारी माणसे पोट उघडले की आत काय आहे ते पाहिल्याशिवाय उठत नाहीत. मनू रडणे विसरून शेजारी सरकली होती.

"अगो, माझी चप्पल!" तात्या दारातून ओरडले. "मी त्या पवारांच्या पोराक उगाच शिव्या घातल्या!"

आणि मग बाईंचा हात माझ्या फासळीवर थांबला. हेरंब खाली वाकला. त्याने एम-सीलचा तुकडा नखाने उचकटला आणि हात बाहेर काढला. त्याच्या तळहातावर पेनड्राइव्ह होता.

सुनेत्राने आईकडे पाहिले. "आई, लावू?"

बाईंनी भुंगा गळ्याला टेकवला, पण बटण दाबले नाही.

मनू म्हणाली, "मी मागितला होता. त्याने दिला."

बाईंनी नातीकडे पाहिले. मग त्यांनी मान हलवली. हो.

तात्यांकडे भजने ऐकायचा एक डबा आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो. त्यांनी तो आणला. आणि त्या रिकाम्या खोलीत माझा आवाज सुरू झाला. "नमस्कार. तुम्ही आता जिथे उभे आहात, तिथे सूर्याचा प्रकाश पोहोचत नाही." मी तेव्हा जमिनीवर आडवा होतो, पोट उघडे, जबडा स्थिर. तो आवाज पहिल्यांदाच माझ्याबाहेरून येत होता. मला कळले, की तो माझा कधीच नव्हता. मी तो फक्त सांभाळला होता.

सुनेत्रा ऐकत होती. तो आईचाच आवाज होता, पण शाळेतला. स्पष्ट, जरा उंच, व्याकरणशुद्ध. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होते, की तिला हवा होता तो हा नव्हता.

मग ते वाक्य आले. तात्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. पण घंटा केव्हाच खोक्यात बांधली गेली होती. हात तसाच वर राहिला.

"आणि दुसरे काही मिळाले नाही, तर मी माझ्याच जातीची पिल्लेही खातो."

आणि त्याच्या मागोमाग, जराही न थांबता, वेगळ्याच सुरात, अगदी जवळून:

"सुनेत्रा, तो पंखो बंद कर गो. आवाज येता त्येचो. उकडतला तुका, पण दोनच मिनटां. मगे परत लाव."

मित्रांनो, घंटेखाली होते ते एवढेच. उत्सवभर मी ते रोज बोललो होतो आणि कोणी ऐकले नव्हते.

सुनेत्राने नकळत वर पाहिले. पंखा कालच उतरवून नेला होता. छताला नुसता हुक होता. तरी ती त्याच्याकडे पाहतच राहिली.

डब्यातून निवेदन पुढे चालले होते. कोणी ते ऐकत नव्हते. तेवढ्यात खोलीत दुसरा आवाज आला, घरघरता, एकाच पट्टीतला. बाईंनी बटण दाबले होते.

"केलंस काय गो बंद?"

सुनेत्रा हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर पदर घेतला. तात्यांनी अजून वर असलेला हात खाली घेऊन त्याच हाताने डोळे पुसले. मनूने डब्याकडे पाहिले, मग आजीकडे, मग पुन्हा डब्याकडे. तिचे हात मांडीवर होते. कानांकडे गेले नव्हते.

"आजी," ती म्हणाली, "अजून एकदा बोल."

आणि भुंगा घरघरला, "काय बोलू?"

"काहीपण."

मला कोणी मोडले नाही. हेरंबने माझे पोट पुन्हा शिवले आणि मला लालबागला घेऊन आला. आता मी त्याच्या कारखान्याच्या छताला टांगलेला आहे. माझ्या आजूबाजूला मोडके पंख आहेत, सुटे हात आहेत, कोणा राक्षसाची मान आहे. माझे पोट रिकामे आहे. हेरंबने मोटरीला तेल घातले, तेव्हा जबडा उघडला आणि मिटला. आतून काही आले नाही, नुसते कण्हणे. खोल पाण्यात वाट पाहत लटकलेला माझा तो खरा भाऊही असाच गप्प असेल.

कधी कधी शनिवारी बकुळाबाई मनूचा हात धरून येतात. कारखान्यात माती कालवणारी, रंग देणारी माणसे आणि त्यांची मुले भोवती जमतात. बाई भुंगा गळ्याला लावतात आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, हा कुठे राहतो, काय खातो, त्याच्या पोटात काय राहते. पिल्लांचे वाक्यही सांगतात. मुले पहिल्यांदा त्या आवाजाला बिचकतात. मग मनू त्यांना म्हणते, "थांबा, थोड्या वेळाने सवय होते."

मित्रांनो, मी लगद्याचा आणि कामट्यांचा मासा आहे, मला तुम्हाला मोठे काही शिकवता येणार नाही. एवढेच मागतो. एखादी जुनी वस्तू मोडायला काढाल, तेव्हा आधी तिचे पोट उघडून पाहा. आणि घरातले कोणी पंखा, पाणी, दूध, चपला असे काही अगदी साधे बोलत असेल, तेव्हा तुमची घंटा जरा वेळ थांबवा.